मापाचा ब्लाउज

हमिदाभाभीकडं शिवायला टाकायचं म्हनलं का माझ्या दोन्ही लेकींना मापाचा ब्लाउज एकच. थोरली धनश्री, धाकटी ज्ञानेश्वरी. एकीचा दुसरीनं घातला तरी काखेत ना सैल, ना घट्ट. उंचीलाबी सारख्याच, बुटक्या. भाभी म्हनायची, "राहीबाई, एकीचं माप घेतलं का दोघींचं काम होतंय." तवा मला त्याचं लई कौतिक हुतं. मेलं ते कौतिक.

धनश्रीची फुप्फुसं वाळून आकसलीत. नाकाला नळी, उशाला घरघरनारं ऑक्सिजनचं मशीन. लाईट गेली का मी आधी ज्ञानेश्वरीला हाका मारते. नवऱ्यानं तिला तिसगावला माझ्या दारात आनून सोडली आन् मंग फोन उचलायचाबी बंद केला. जाऊ द्या, त्याचं नाव काढलं तरी माझं टाळकं फिरतं. दुसऱ्या कुनाची तरी फुप्फुसं बसवली तरच पोरगी जगल, असं पुन्याच्या डॉक्टरनं तोंडावर सांगितलं.

आमी तिघी त्याच्यापुढं बसलो हुतो. मी म्हनलं, "मंग बसवा की. रस्त्यावर अपघातात रोज किती मानसं जात्यात."

"मावशी, रक्तगट जुळायला हवाच, पण मापही जुळावं लागतं," डॉक्टर म्हनले. "हिचा छातीचा पिंजरा लहान आहे. उंच पुरुषाची फुप्फुसं त्यात मावणार नाहीत. दाबली जातील, हृदयावर भार येईल, छाती बंदच करता येणार नाही. कापून थोडी लहान करता येतात, पण एवढी नाही. हिच्याच उंचीची, हिच्याच चणीची बाई हवी. डोक्याला मार लागून मेंदू मेलेला, पण छाती शाबूत, अशी."

हिच्याच चनीची बाई. माझी मान आपसूक वळली, ज्ञानेश्वरीकडं. तिच्या तोंडाकडं न्हाई, छातीकडं. डोळ्याचं पातं लवायच्या आत मी नजर काढली, पन ती माझ्याकडंच बघत हुती. मी आई हाय तिची. मला त्या घडीला काय झालं हुतं, कुनास ठाऊक. पार मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"फुप्फुसांची वाट बघणाऱ्यांच्या यादीत ताईच्या मापाचं अजून कोण आहे?" तिनं डॉक्टरला इचारलं.

"या रक्तगटात इतक्या लहान चणीची सध्या हीच एकटी."

"माझा पण तोच गट आहे," ती हसून म्हनली.

डॉक्टर हसले न्हाईत. "जिवंत माणसाची दोन्ही फुप्फुसं घेत नसतात, ताई."

"माहितीये," ती म्हनली.

तवापासून पोरगी लई शहान्यासारखी वागाया लागली. मशीनची नळी कशी बदलायची ते मला शिकवलं. माझ्या हातानं चारदा करून घेतलं. मी चिडले, "तू हायेस की घरात, माझ्या मागं कशापायी लागतीस?" तिनं नळी काढून परत माझ्या हातात दिली. राहात्याचं चांगलं स्थळ आलं, तर नगं म्हनली. चुलीपाशी बसंना, धूर नको म्हनायची. तोंडाला रुमाल बांधल्याबिगर झाडू धरीना. सकाळी अंगनात बसून लांब लांब श्वास घ्यायची. मला वाटलं, बहिनीचं बघून भ्याली आसंल, आपल्याला हाच रोग लागंल म्हनून. उलट बरं वाटलं, एक तरी जपून ऱ्हाती.

परवा दुपारी फोन आला. फुप्फुसं मिळाली, निघा. ॲम्ब्युलन्समधून आमी पुन्याला गेलो. धनश्रीला हिरवे कपडे घातले, आत नेली. मी सगळ्या देवांना एकदमच हाक मारली. आन् मंग डॉक्टर बाहेर आले. कळवलेल्या उंचीवरून बसतील वाटलं हुतं, पन प्रत्यक्षात बघितली तर मोठी निघाली, हिला चालायची न्हाईत. धनश्रीला तशीच परत आनली. तिनं रडायचा प्रयत्न केला, पन रडायलाबी श्वास लागतो.

येताना गाडीत ज्ञानेश्वरी माझ्या शेजारी हुती. बाहेर बघत म्हनली, "माझी बसली असती ना, आई?"

मी तिच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा मारली तिला. ती गाल चोळत हळूच म्हनली, "त्या दिवशी तूच बघितलं होतंस."

आज सकाळी ज्ञानेश्वरीच्या स्कूटीचा आवाज ऐकला. रोजच्यासारखी पाथर्डीला मेडिकलवर कामाला निघाली, असं वाटलं. चहाचं पातेलं उतरवलं आन् नजर खुंटीवर गेली. हेल्मेट तिथंच हुतं. ती कोपऱ्यावर दळन टाकायला जायचं तरी हेल्मेट घालती.

मी फोन लावला. उचलंना. परत लावला, परत. शेवटाला उचलला तर पलीकडं नुसता वारा आन् ट्रकांचे हॉर्न.

"ज्ञानू, माघारी फिर. हेल्मेट ऱ्हायलंय तुझं. बाई, तुझ्या पाया पडते, माघारी फिर."

"काळजी करू नको, आई," ती म्हनली. आवाज अगदी रोजचा. "छातीला काही होऊ द्यायची नाही मी."

फोन कट झाला. धनश्री खाटंवरून इचारत हुती, "आई, कुणाचा फोन?" मी चप्पल न घालताच रस्त्याला लागले.