जावयाचं अंगठ्याचं मशीन

सुदर्शनरावांचा हिशेब असा होता. केळीच्या पॅकिंग शेडमध्ये बाया चोवीस. जेवणाची सुट्टी कागदावर अर्धा तास, प्रत्यक्षात बेचाळीस मिनिटं. बाईमागे बारा मिनिटं जास्तीची, म्हणजे रोजची चार तास अठ्ठेचाळीस मिनिटं. अर्ध्या बाईहून जास्त बाई रोज नुसतीच बसून होती. हे गणित त्यांनी सगळ्यांपुढे मोबाइलवर मांडलं. समोर हौदापाशी केळीच्या फण्या कापणाऱ्या भामाबाईनं ते बोटांच्या पेरांवर केलं, आणि तिचं उत्तर साहेबांच्या आधी आलं. साहेबांच्या हिशेबात केळीचा चीक धरलेला नव्हता, तो आपण कशाला फुकट सांगायचा?

सुदर्शनराव मालकांचे, म्हणजे अमृतरावांचे जावई. लातूरला मॅनेजमेंट शिकलेले. धोंड्याच्या महिन्यात सासऱ्यानं विचारलं, अंगठी करू का साखळी? जावई म्हणाले, हजेरीचं मशीन द्या, अंगठ्याचं. असा स्वस्त जावई अख्ख्या अर्धापुरात नाही, असं अमृतराव आठ दिवस गावभर सांगत होते.

आधीची रीत सोपी होती. एक वाजता शेषेराव मुकादम रेल्वेच्या रुळाचा टांगलेला तुकडा वाजवायचा. बाया गोडं तेल लावून हाताचा चीक काढायच्या, साबणानं धुवायच्या आणि गोल करून बसायच्या. सगळ्या बसल्याशिवाय कुणी भाकरी मोडायची नाही. कुणाची शेंगदाण्याची चटणी, कुणाचं पिठलं, सगळं गोलात फिरायचं. चीक काढायलाच बारा मिनिटं जात. मुकादम ती मोजत नसे, कारण तरुणपणी त्यानंही घड कापले होते.

आता रूळ काढला आणि त्या जागी मशीन लागलं. जेवायला जाताना अंगठा, आल्यावर अंगठा. अर्ध्या तासाला मिनिट जास्त झालं की पाव हजेरी कट.

मशीनमधून एक बाई बोलायची. अंगठा पटला तर ‘थँक यू’, नाही तर ‘प्लीज ट्राय अगेन’. सकाळी धुतलेल्या हातांना ती थँक यू म्हणायची. दुपारी चिकानं काळ्या झालेल्या अंगठ्यांना मात्र ट्राय अगेनच. नीट हात धुवून यावं, तर रांगेतला नंबर जायचा.

‘‘लई शिकलेली हाय ही बाई,’’ सिंधु म्हणाली. ‘‘कामाचा हात वळखतच न्हाई.’’

‘‘जावयाच्या माहेरची असंल,’’ भामाबाई म्हणाली.

हसून झालं, पण रांग हलेना. रांगेत उभ्या-उभ्याच बायांनी भाकरीचे तुकडे मोडायला सुरुवात केली. गोल मोडला. ज्यांचा जाताना अंगठा लागला, त्यांचा येताना चटणीच्या तेलानं लागेना. त्यांची पाव हजेरी गेली. सिंधुची दोनदा गेली.

भामाबाईला शुगर होती. एकच्या ठोक्याला गोळी, आणि गोळीमागं पोटभर जेवण, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वीस वर्षं घड कापून तिच्या अंगठ्यावरच्या रेषाच पुसट झालेल्या. चौथ्या दिवशी गोळी पोटात आणि भाकरी रुमालात, असं वीस मिनिटं उभं राहून ती परत हौदावर गेली. साखर उतरली आणि चाकू हातातून पाण्यात पडला. हौदाच्या कठड्यावर ती मटकन बसली. सिंधुनं तिच्या तोंडात गूळ घातला.

‘‘भामामावशे, घरी ऱ्हा चार दिवस,’’ सिंधु म्हणाली.

‘‘का म्हून? जागा माझी, भूक माझी. घरी राहील ते मशीन.’’

त्या रांगेचा एक फायदा झाला. मशीनशेजारी काचेत एक पाटी होती, मराठीत, बारीक अक्षरात. तपासणीला लागते म्हणून साहेबांनीच लावलेली. बुद्धप्रिया नावाची बारावी झालेली मुलगी रोज त्या पाटीसमोर ताटकळायची. आठवडाभरात तिची पाटी वाचून झाली.

‘‘मावशी, हितं तर लिहिलंय की पाच तासांच्या आत अर्धा तास विश्रांती द्यायलाच पाहिजे.’’

‘‘कुणी लावली ती पाटी?’’

‘‘साहेबांनी.’’

‘‘मंग साहेबांना कशाला सांगायचं, त्यांना ठाव असंल,’’ भामाबाई म्हणाली. ‘‘परदेशात माल घेणारी कंपनी तपासणीला येणार हाय ना? तवर मशीनबाईला लिहू दे काय लिहायचं ते.’’

दुसऱ्या दिवसापासून ती गोळी खाऊन, भाकरी हातात धरून, रांगेतच खायला लागली. पोट निम्मं भरायचं. ते निम्मं ती मनात लिहून ठेवत होती.

मशीन लागून अठरा दिवस झाले, तेव्हा कंपनीच्या तनुजा मॅडम तपासणीला आल्या. पाणी, चाकू, खोकी बघून झाली. मग त्यांनी हजेरी मागितली. सुदर्शनरावांची छाती फुगली. त्यांनी अठरा दिवसांचे कागद काढून दिले, अजून गरम.

मॅडमनी पानं उलटली. सकाळचा रकाना भरलेला, संध्याकाळचा भरलेला. दुपारचा जवळजवळ कोरा.

‘‘या बायका नऊ तास जेवतच नाहीत का?’’

‘‘जेवतात की मॅडम! चिकामुळं मशीन रीड करत नाही, एवढंच.’’

भामाबाई फण्या धुता धुता वळली. अठरा दिवस ती याच वाक्याची वाट बघत होती.

‘‘मशीन चुकतंय म्हणा की, जावईबापू. मंग आमची पाव हजेरी कोणत्या बाईनं कापली?’’

सुदर्शनरावांनी शेजारी उभ्या सासऱ्याकडे बघितलं. सासऱ्यानं खोक्याकडे. जावयाला चारचौघांत बोलायचं कसं? अमृतरावांच्या घराण्यात ते जमत नव्हतं.

‘‘अहो, हात नीट धुतले तर लागतो अंगठा,’’ जावई म्हणाले. ‘‘दोन मिनिटांचं काम आहे.’’

‘‘हाव? मंग दावा की करून. एक घड कापा, दोन मिनिटांत हात धुवा, अन् लावा अंगठा. लागला, तर आम्ही उद्यापासून उपाशी.’’

मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. ते पुरलं. बाह्या सरसावून साहेबांनी घड कापला; चीक मनगटापर्यंत आला. साबण लावला, चीक आणखी पसरला.

‘‘प्लीज ट्राय अगेन,’’ मशीनबाई म्हणाली.

‘‘आधी गोडं तेल घ्या, साहेब,’’ शेषेरावानं हळूच सांगितलं. तेल, साबण, परत तेल, परत साबण. मशीन तीनदा नाही म्हणालं. चौथ्यांदा थँक यू म्हणालं, तेव्हा चोवीस बायांनी टाळ्या वाजवल्या.

‘‘तेरा मिनिटं,’’ मॅडम म्हणाल्या.

‘‘आम्हाला बारा लागतात,’’ भामाबाई म्हणाली. ‘‘साहेब नवीन हायत.’’

मॅडमनी कागदावरच लिहिलं. हात धुणं हे काम, ते सुट्टीत धरायचं नाही. रांगेत उभं राहून खाल्लं त्याला सुट्टी म्हणत नाहीत. कापलेल्या हजेऱ्या परत, न दिलेल्या सुट्ट्यांची मजुरी वेगळी. तोवर माल उचलणार नाही.

अमृतराव भामाबाईकडे वळले. ‘‘आणखी काय पाहिजे, तेबी सांग.’’

‘‘रूळ लावा जाग्यावर. अन् आत्ता एक वाजलाय, मालक. माझी गोळी राहिली.’’

मशीन होतं त्याच खिळ्याला शेषेरावानं रूळ टांगला आणि वाजवला. हात धुऊन बाया गोल बसल्या. भामाबाईनं गोळी घेतली, भाकरी मोडली, चटणी सिंधुकडे सरकवली. अठरा दिवसांत आज ती पहिल्यांदा सावकाश जेवली.

जेवता जेवता तिनं पेरांवर शेवटचा हिशेब केला. अठरा अर्धे तास म्हणजे नऊ तास, बाईमागे एक अख्खा रोज, चोवीस रोज, वर कापलेल्या हजेऱ्या. भरले सासऱ्यानं. जावयानं भरली तेरा मिनिटं. आणि अठरा दुपारींचं निम्मं पोट चोवीस जणींनी भरलं होतं; ते कुणी परत देणार नव्हतं. मशीन अमृतरावांनी घरी नेलं. धोंड्याला एवढा महाग जावई अर्धापुरात दुसऱ्या कुणाला पडला नाही.