द्वारकाच्या बेटाला फुलोरा

माघ संपत आला तेव्हा द्वारकाच्या बेटाला फुलोरा आला. बापूरावांना आधी तो रोगच वाटला. बांबूची पानं पिवळी पडून गळत होती आणि उघड्या पडलेल्या फांद्यांवर वाळक्या गवतासारखे टोकदार तुरे लोंबत होते. एकदोन काठ्यांना नव्हे, बेटातल्या झाडून सगळ्या काठ्यांना.

खडकीत, घरांच्या ओळीमागे, नाल्याच्या कडेला हे बेट होतं. लग्नानंतर द्वारका पहिल्यांदा गडचिरोलीकडच्या माहेराहून परतली ती ओल्या गोणपाटात बांधलेला बांबूचा कंद घेऊन. बापूराव तेव्हा कारखान्यात नुकतेच लागले होते. लोकांच्या बायका माहेराहून पापड-लोणचं आणतात, आमच्याकडे मुळकांड आलं, असं ते चारचौघांत सांगत. पण त्या मुळकांडाचं बेट झालं. पावसाळ्यात कोंब वर येऊ लागले की द्वारका कुणाला आत पाऊल टाकू देत नसे. दोन पावसाळे पाहिल्याशिवाय काठीला कोयता लावायचा नाही. दिवाळी झाली की बुंध्याला मातीची भर घालायची. मांडववाले येत, गुढीला काठी मागणारे येत, आणि ती बोट दाखवील तीच काठी तोडून नेत.

गेल्या श्रावणात ती गेली. छातीत दुखतंय म्हणाली, आणि दवाखाना गाठायच्या आत सगळं संपलं. तिरडीसाठी माणसं तिच्याच बेटात शिरली. बापूराव ओट्यावर बसून होते. कोयत्याचे घाव त्यांना ऐकू येत होते. काठी कोवळी आहे हे त्यांना आवाजावरून कळत होतं, पण उठून तसं सांगण्याचं बळ अंगात नव्हतं.

म्हणून फुलोरा आला तेव्हा त्यांच्या मनाने घेतलं की बेट त्याच घावांनी आजारलं. ते सकाळ-संध्याकाळ बादल्या भरून पाणी घालू लागले. मुळाशी शेणखत टाकलं. मुलगी भाग्यश्री हडपसरला राहायची. ती रविवारी यायची आणि दर वेळी तेच म्हणायची, बाबा, इथे एकटे राहू नका, आमच्याकडे चला. बेट एकदा सावरलं की येतो, असं ते सांगायचे. ती डबे फ्रिजमध्ये ठेवून जायची. पुढच्या रविवारी त्यातले निम्मे तसेच सापडायचे.

शेजारच्या कांताबाई हे सगळं बघत होत्या. एकदा कुंपणापलीकडून त्या म्हणाल्या, "स्वतःला घोटभर चहा करत नाही तुम्ही, आणि बांबूची बडदास्त चाललीये."

बापूराव बादली भरत राहिले. मग त्याच जरा नरमल्या. त्यांच्या दारात तुळस होती, कमरेएवढी. त्यांनी सांगितलं की मंजिरी आली की त्या लगेच खुडतात. नाही खुडली तर झाड सगळा जीव बियांत घालतं आणि वाळतं. तुमच्या बांबूचंही तसंच असेल, तुरे काढून बघा.

बापूरावांना ते पटलं. कुणीतरी करण्यासारखं काहीतरी सांगितलं, हेच त्यांना पुष्कळ होतं.

त्यांनी शिडी लावली, लांब काठीला कोयती बांधली आणि तुरे छाटायला सुरुवात केली. हात सोलले, मान आखडली, तरी त्यांनी थांबायचं नाव घेतलं नाही. खालचे झाले, मधले झाले, शेंड्यांसाठी काठ्या वाकवून दोरीने बांधल्या. बेटाखाली तुऱ्यांचा ढीग लागला. होळीला गल्लीतली पोरं तो मागायला आली. न्या, बापूराव म्हणाले. तुरे चांगले पेटले. त्या रात्री बापूराव बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

पण चैत्र आला तरी बेटाला नवं पान फुटलं नाही. काठ्यांचा हिरवा रंग उतरून त्या फिकट पिवळ्या झाल्या. हात लावला की वाळल्या सालीचा भुगा बोटांना लागे.

अशात बजरंगचा फोन आला. बजरंग द्वारकाचा धाकटा भाऊ; तिला तो बाई म्हणे आणि बापूरावांना भाटवे. त्याच्या गावाला जंगलाचा हक्क मिळाला होता आणि बांबूची तोड कुठे करायची, कुठे नाही, हे ग्रामसभा ठरवत असे. बेटाचं वाटोळं झाल्याचं त्याला कसं सांगावं, या विचारात बापूराव होते. पण आधी तोच बोलायला लागला. म्हणाला, इकडे डोंगरच्या डोंगर फुललाय. माणसाच्या जन्मात एकदाच असं होतं. फुलला की बांबू मरतो, पण दाणा टाकून मरतो. गावाने तोड बंद केली, गुरं बंद केली, वणवा येऊ नये म्हणून पट्टे साफ केले. आता सगळे दाणा पडायची वाट बघताहेत.

बापूराव ओट्यावर बसले. "इकडचंही फुललं," ते म्हणाले.

"फुलणारच. बाईनं नेला तो कंद आमच्याच बांधावरचा. पुण्याले नेला म्हणून काय वय बदलते त्याचं?"

"मी तुरे छाटले, बजरंग."

"किती?"

"सगळे. होळीत गेले."



"कायले छाटले भाटवे? ते मरणारच होतं. दाणा तेवढा मागं राहत होता."

मग बजरंगलाच वाईट वाटलं असावं. एकट्या बेटाचा दाणा तसाही नीट भरत नाही, असं तो समजावू लागला. दुसऱ्या बेटांचा पराग वाऱ्यावर यावा लागतो, नाहीतर टरफलं पोकळच राहतात. इकडचा दाणा पडला की पिशवी भरून पाठवतो, एकाच आईची लेकरं आहेत ती.

"ती तिच्या हातची नाहीत," बापूराव म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

ते बेटाभोवती फिरू लागले. एकेक काठी खालून वर न्याहाळत गेले. पलीकडच्या अंगाला एक काठी नाल्यावर पार आडवी झुकली होती. तिथे शिडी लागली नव्हती, कोयती पोचली नव्हती. तिच्या शेंड्याला तुरे तसेच होते. वाऱ्याबरोबर त्यांतून काहीतरी बारीक गळत होतं आणि खालच्या काळ्या पाण्यात पडत होतं.

रविवारी भाग्यश्री आली तेव्हा घर उघडं होतं आणि पलंगावरची चादर जागेवर नव्हती. कांताबाईंनी तिला नुसतं नाल्याकडे बोट दाखवलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

बापूराव पोटरीएवढ्या गाळात उभे होते. चादरीची दोन टोकं त्यांनी काठावरच्या दगडांखाली अडकवली होती, तिसरं दातांत धरलं होतं आणि एका हाताने आकडी लावून ते काठी हलवत होते. चौथं टोक पाण्यात लोंबत होतं.

"बाबा, वर या," ती म्हणाली. "मी पाया पडते तुमच्या."

त्यांनी दातांतली चादर काढली. "आरडाओरडा करू नकोस. गळून जातील."

"त्यात काही नाहीये, बाबा. मामाने मला सांगितलंय सगळं."

"मामाने हे बेट पाहिलंय का?"

ती काठावर उभी राहिली.  मग तिने चपला काढल्या, सलवार गुडघ्यापर्यंत वर दुमडली आणि ती उतरली. गाळ थंडगार होता आणि वास सहन होत नव्हता. पाण्यातलं टोक तिने उचलून पिळलं आणि ताणून धरलं.

बापूरावांनी काठी हलवली. चादरीवर बारीक कोंडा पडला, गव्हाच्या सालपटासारखा. त्यांनी चिमूटभर तळहातावर घेतला, अंगठ्याने चोळला, फुंकर मारली. सगळा उडाला. दुसरी चिमूट घेतली. तीही उडाली.

भाग्यश्री त्यांच्या हाताकडे बघत होती. तिचे खांदे भरून आले होते, पण तिने चादर सैल सोडली नाही.

"अजून वरच्या फांदीला आहेत," बापूराव म्हणाले, आणि त्यांनी आकडी पुन्हा वर केली.