न बदललेला तपशील

मंगळवार, ९ एप्रिल २०१९. दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. समुपदेशन केंद्राच्या मागच्या खोलीत माणसे तीन, चहाचे पेले तीन आणि चर्चेला घेतलेले प्रकरण एक.

खोली दुसऱ्या मजल्यावर होती, चष्म्याच्या दुकानाच्या डोक्यावर. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची पाठ असल्यामुळे भरदिवसाही दिवा लावावा लागे. केंद्राचे प्रमुख, ज्यांना सगळे सर म्हणत; आठ महिन्यांपूर्वी रुजू झालेली आणि वयाने लहान म्हणून जिला धाकटी हेच नाव पडले होते ती; आणि बावीस वर्षे हे काम करणाऱ्या ताई, असे तिघे महिन्यातून एकदा तिथे बसत. एकट्याच्या डोक्याने चुका होतात, म्हणून अडलेले प्रकरण सहकाऱ्यांसमोर मांडायचे, हा केंद्राचा रिवाज. मात्र माणूस ओळखू येता कामा नये, म्हणून निदान तीन तपशील बदलूनच मांडायचे, हा त्यातला नियम.

ताई हे काम वहीत रकाने आखून करीत. डावीकडे खरे, उजवीकडे बदललेले. पुरुष, त्याची स्त्री. वय एकसष्ट, त्याचे सत्तर. कवळ्या तयार करणारा कारागीर, त्याची शिवणकाम करणारी. गेलेली बायको ओघानेच गेलेला नवरा झाली. तीन मागितले होते, चार बदलले. ताईंनी रेघ ओढली आणि वही मिटली.

"ही बाई मुलाकडे राहते," त्या सांगू लागल्या. "नवरा जाऊन सात महिने झाले. त्याची कवळी तिनं कपाटात, कपड्यांच्या मागे, वाटीत पाण्यात ठेवलीय. रोज संध्याकाळी सहाला खोलीचं दार लावते आणि पाणी बदलते. घरात कुणाला पत्ता नाही. माझा प्रश्न असा, की हे मी चालू द्यावं की हळूहळू सोडवावं?"

"सोडवावं," सर म्हणाले. त्यांना घडीव वाक्यांची हौस होती. "वस्तू जपली की दुःख भाडेकरू राहत नाही, मालक होऊन बसतं."

"मला वाटतं, राहू द्यावं," ताई म्हणाल्या. "तेवढ्या एका पाण्यासाठी माणूस उठून उभं राहतंय."

सर वळले. "धाकटे, तुझं काय म्हणणं?"

धाकटीने लिहिणे केव्हाच थांबवले होते. "मला जरा विचार करावा लागेल," ती म्हणाली आणि तिने पेनाला टोपण लावले.

पोरीच्या काळजाला लागले, असे ताईंना वाटले. आणि खरे सांगायचे तर, ते त्यांना आवडले.

कारागीर जानेवारीपासून दर गुरुवारी अकराला येत होता. बायको गेल्यावर त्याची झोप उडाली, हात कापू लागला, आणि कापऱ्या हाताने त्याच्या धंद्यात काहीच करता येत नाही. म्हणून डॉक्टरांनी त्याला इकडे धाडले. घरी त्याने सांगितले होते, गुडघ्याच्या व्यायामाला जातो. बोलायला मोकळा, पण सगळे बोलणे वरवरचे. "मॅडम, या शहरातलं निम्मं हसू माझ्या हातचं आहे," असे काहीतरी सांगून तो वेळ मारून नेई. अकरा भेटी अशाच गेल्या. बाराव्या भेटीत, बूट घालता घालता, तो परत खुर्चीत बसला.

"तिचे दात गेले तेव्हा मी म्हटलं, अशी कवळी करून देतो की खरे दात लाजतील. पहिली टोचली. दुसरी बोलताना खटखट वाजायची. तिसरी हसलं की निसटायची. मला म्हणायची, 'अहो, गावाच्या बसतात आणि बायकोचीच बरी बसत नाही तुमच्याकडून!' चौथी बसली, मॅडम. चपखल बसली. एकोणीस दिवस वापरली तिनं."

ताईंनी पेन खाली ठेवले. अशा वेळी गप्प राहणे हेच त्यांचे कसब होते.

"कवळी कोरडी पडली की आकसते. वाकडी झाली की पुन्हा बसत नाही. म्हणून पाण्यात ठेवतो, रोज बदलतो. आता बसवायची कुणाला, ते विचारू नका."

पुढच्या गुरुवारी तो आला तो दाढी करून. सलग पाच तास झोपलो, म्हणाला. सात महिन्यांत पहिल्यांदा.

गुरुवार, १८ एप्रिलला तो अकराऐवजी साडेदहालाच जिन्यावर येऊन बसला होता. आत आला, पण त्याने बूट काढले नाहीत.

"रविवारी केस कापायला गेलो होतो. सहाला कपाट उघडलं, तर वाटी नाही. स्वयंपाकघरात बघतो, तर घासून, पुसून मांडणीवर उपडी ठेवलेली. मी मुलाला विचारलं, आतली वस्तू कुठाय? तर म्हणतो, 'बाबा, तुमच्या भल्यासाठीच केलं.' कचऱ्याची गाडी दुपारीच येऊन गेली होती."

"त्यांना कसं कळलं?" ताईंनी विचारले. त्यांना तोवर खरोखरच ठाऊक नव्हते.

"तेच मी तुम्हाला विचारतोय. सूनबाई रडत होती. म्हणाली, 'बाबा, जाणकार लोक सांगतात, वस्तू जपली की दुःख भाडेकरू राहत नाही, मालक होऊन बसतं.' असलं पुस्तकी बोलणं तिचं नाही. कुठून आणलं तिनं? जगात मी हे एकाच माणसाला सांगितलं होतं."

वाक्य सरांचे होते, शब्दाला शब्द.

"मला काही गोष्टी तपासाव्या लागतील," त्या म्हणाल्या. "पुढच्या गुरुवारी मी तुम्हाला उत्तर देईन."

"म्हणजे उत्तर तुमच्याकडे आहे," तो म्हणाला. बाकीचा पाऊण तास तो खिडकीकडे पाहत बसला.

धाकटी गुरुवारी शाळेतल्या मुलांसाठी बाहेर जात असे; त्यामुळे तिची आणि कारागिराची केंद्रात कधी गाठ पडली नव्हती. शुक्रवारी सकाळी, चहाच्या ओट्यापाशी, ताईंनी तिला सरळ विचारले. तिने आढेवेढे घेतले नाहीत.

"ताई, माझ्या बहिणीचे सासरे आहेत ते. बहीण महिनाभर सांगत होती, सासरे रोज सहाला तांब्या घेऊन आत जातात, दार लावतात, काय करतात देव जाणे. तुम्ही सहा वाजता म्हणालात, कवळी म्हणालात. बाईचा पुरुष करायला मला कितीसा वेळ लागणार?"

"ओळख पटली की उठून बाहेर जायचं, हा नियम तुला सांगितला होता."

"उठले असते तर तुम्हाला कळलं असतं ना, की मी ओळखते! तेही उघड करणंच झालं. मी बसून राहिले. मग घरी गेले तर बहीण म्हणाली, म्हाताऱ्याला वेडबीड लागलंय, आता कुठेतरी नेऊन टाकावं लागेल. मला राहवलं नाही. म्हटलं, वेड नाही गं ते, कपाटात बघ, आणि सांभाळून घे. जाणकारांचं म्हणून सरांचं ते मालकाचं वाक्यही बोलून गेले. मी 'सांभाळून घे' म्हटलं होतं, ताई. फेकून दे नव्हतं म्हटलं."

तिच्यावर रागावणे सोपे होते. ताईंनी प्रयत्न करून पाहिला. पण राग फिरून फिरून त्या वहीतल्या रकान्यांपाशीच येत होता.

सरांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. "अर्जावर त्यांची सही आहे. सहकाऱ्यांशी चर्चा करायला संमती दिलेली आहे. कागदावर तुम्ही स्वच्छ आहात."

"ओळख उघड न करता, असं आहे त्या ओळीत."

"तुम्ही नाव घेतलं नाहीत. हे बघा, पुढच्या गुरुवारी एवढंच म्हणा, की सुनेला साफसफाईत सापडली असेल. हे खोटं नाही, शक्यता आहे."

"आणि सत्य?"

"सत्य सांगून ओझं कुणाचं उतरणार? त्यांचं की तुमचं?" सर पुढे झुकले. "सात महिन्यांनी माणूस झोपायला लागला होता. त्यांनी विश्वास टाकला असा एकच दरवाजा शिल्लक आहे, आणि तोच तुम्ही त्यांच्या तोंडावर आपटणार. तुम्ही गेलात तर त्यांच्याकडे उरतं कोण?"

सर चुकीचे बोलत आहेत, असे ताईंना म्हणता येईना. चार दिवस त्यांनी दोन्ही बाजू कागदावर मांडून पाहिल्या. त्यांनी स्वतःला निर्दयपणे तपासले: कबुली देऊन हलके व्हायची ही हाव तर नव्हे? ती थोडी होतीच. पण गप्प राहण्यातही तितकीच हाव होती. फक्त ती अंगावर डॉक्टरी कोट घालून आली होती. बुधवारी त्या झोपायला गेल्या तेव्हा निर्णय झालेला नव्हता.

गुरुवार, २५ एप्रिल, अकरा वाजता कारागीर आला. त्याचे डोळे खोल गेले होते आणि उजवा हात त्याने डाव्या हाताने धरून ठेवला होता.

"मॅडम, तुमच्या उत्तराआधी एक विचारू? माणूस झोपेत बोलतो, ते आपल्याला कळतं का?"

"का विचारताय?"

"मीच बोललो असणार, असं वाटायला लागलंय. दुसरं काही जुळतच नाही. तुमच्यावर संशय घेतला, त्याची मला लाज वाटली. आता मी आतून कडी लावून झोपतो. झोपतो म्हणजे काय, पडून राहतो. तोंड उघडलं तर, अशी धास्ती वाटते."

ताईंच्या मनातला तराजू तिथेच मोडला. साफसफाईचे ते सरांचे वाक्य उच्चारले, तर तो खुर्चीतून उठणार नव्हता. दर गुरुवारी येत राहणार होता, आणि आयुष्यभर आपल्याच तोंडाचा पहारेकरी होणार होता.

"तुम्ही झोपेत बोलला नाहीत," त्या म्हणाल्या. "मी बोलले."

त्यांनी सगळे सांगितले. मासिक बैठक, नियम, रकाने. ऐकणाऱ्यांपैकी एकीने ओळखले, एवढे सांगितले. नाव घेतले नाही. त्याने ते स्वतःच ताडले असावे, कारण एकदा त्याने डोळे मिटून मान हलवली.

त्याने धरून ठेवलेला हात सोडला. मग म्हणाला, "मला काय केलंत तुम्ही?"

"बाई. सत्तर वर्षांची. शिवणकाम करणारी."

तो हसला, एवढेसे, नाकातून. "बघा की. तिला सुई ओवता येत नव्हती आणि मी शिवणकाम करतोय." मग हसू गेले. "आणि कवळी? ती का नाही बदललीत? चष्मा करायचा होता. चष्मा तर खालच्या दुकानातच आहे."

हा प्रश्न येईल, हे ताईंना ठाऊक होते. सोपी उत्तरे तीन होती आणि तिन्ही पटण्याजोगी होती.

"चष्मा केला असता, तर ऐकणाऱ्यांना ते लागलं नसतं."

"म्हणजे गोष्ट चांगली व्हावी म्हणून."

"हो."

त्याने हळूहळू मान डोलावली, एखाद्या गिऱ्हाइकाची तक्रार रास्त आहे हे पटल्यासारखी.

"तीस वर्षं झाली, मॅडम. या शहरात कुणाचे दात खरे आणि कुणाचे खोटे, हे मला माहीत आहे. लग्नात फोटोला हसणारी माणसं, भाषणं ठोकणारी माणसं. बायको विचारायची, अहो, त्या अमुकच्या बाईचे दात खरे का हो? घरात, जेवताना, आम्ही दोघंच. तरी नाही सांगितलं. चिडायची. म्हणायची, 'मेले लोकांचे दात माझ्यापेक्षा जवळचे!' तिलासुद्धा नाही सांगितलं."

ताईंनी लिफाफा पुढे केला. त्यात दुसऱ्या तीन समुपदेशकांची नावे होती, तक्रार कुठे करायची तो पत्ता होता, आणि त्याने कळवल्यास त्याची फाईल पुढे पाठवली जाईल, असे लेखी आश्वासन होते. "यांच्यापैकी कुणीही या केंद्राशी संबंधित नाही. तुम्ही गेलात की नाही, हे मी कुणाला विचारणार नाही. मला विचारता येणार नाही."

त्याने लिफाफा घेतला, चार घड्या करून वरच्या खिशात घातला आणि उभा राहिला. दाराशी थांबून तो म्हणाला, "खालचा डावीकडचा दात झिजलाय तुमचा. झोपेत दात खाता तुम्ही. पहिल्याच दिवशी दिसलं होतं. तुम्ही विचारलं नव्हतंत, म्हणून बोललो नव्हतो."

जिन्यावर त्याची पावले दोनदा थांबली. मग खालचे दार लागले.

ताईंनी त्याच दुपारी शिस्तपालन समितीला पत्र लिहिले आणि आपली चूक आपणच कळवली. समितीने लेखी ताकीद दिली आणि सहा महिने बैठकीत प्रकरण मांडायला मनाई केली. धाकटीने जूनमध्ये काम सोडले. सरांनी बैठकीचा नियम बदलला: तपशील पाच बदलायचे. बदलायचा नेमका कोणता, हे नियमात लिहिता आले नाही.

कारागिराची तक्रार आली नाही. ताईंना एकदा बाजारात एका गृहस्थांचे पांढरेशुभ्र, एकसारखे दात दिसले आणि त्यांनी नजर खाली वळवली. दवाखान्याच्या गल्लीत त्याच्या कामाच्या जागेवर नवी पाटी लागली होती. आत कोण आहे, हे त्यांनी वाकून पाहिले नाही.

केंद्रात बंद झालेली फाईल पाच वर्षे जपून ठेवतात आणि मग नष्ट करतात. गुरुवार, २५ एप्रिल २०२४ रोजी ताईंनी ती कपाटातून काढली, नोंदवहीत सही केली आणि पाने एकेक करून कापण्याच्या यंत्रात सोडली. नष्ट करण्यापूर्वी नोंदवहीतला शेवटचा रकाना भरावा लागतो. पाच वर्षांत ही फाईल पुढे पाठवावी म्हणून आलेली पत्रे : शून्य.