पोटात गेलेली गोळी

माणसाचं शरीर हे अचूक घड्याळ आहे आणि ते बिघडतं ते केवळ मालकाच्या हलगर्जीपणामुळे, हा सिद्धांत घड्याळजींनी चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना फुकट ऐकवला होता. सध्या ते गुडघे छातीशी घेऊन तपासणीच्या खाटेवर "आई गं" करत पडले होते.

डावी कूस सकाळपासून कोणी सुरी फिरवावी तशी दुखत होती. डॉक्टर असलेल्या मेहुण्याने फोनवरच मुतखडा ठरवून टाकला. पण सोनोग्राफीत खडा काही सापडेना. पोट दाबावं तर मऊ, आणि दुखणं मात्र आभाळाएवढं. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंना हा हिशेब जुळेना. त्यांनी शिरेतून औषध सोडून स्कॅन काढला आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"हे मूत्रपिंड. सगळं उजळलंय, फक्त हा पाचरीसारखा तुकडा काळा. रक्तवाहिनीत गुठळी अडकली, रक्त पोचलं नाही, तेवढा भाग मेला. गुठळी बहुधा हृदयातून आलीय. ठोके अनियमित आहेत असं कोणी सांगितलं होतं?"

"माझे? माझ्या ठोक्यांवर घड्याळ लावून घ्या!"

बायको छताकडे बघू लागली. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं.

"अगं?"

"गेल्या वर्षीच दादाला ईसीजीत दिसलं होतं. तुम्हाला सांगितलं असतं तर दिवसभर नाडी धरून बसला असता. म्हणून दादा म्हणाला, रक्त पातळ करायची गोळी जीवनसत्त्वाची म्हणून दे."

घड्याळजी कळ विसरले. बायको आणि तिचा भाऊ! आपल्याच काळजाची बातमी घरात सगळ्यांना, फक्त आपल्याला नाही! केसाने गळा कापला.

"गोळी चालू होती, तर गुठळी झाली कशी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "चुकत होती का?"

"एकही नाही! रोज दोनदा हातावर ठेवते. पोटात गेली का, विचारते. म्हणतात, गेली."

आता घड्याळजी छताकडे बघू लागले.

"अहो?"

"गेलीच की. दिवाणखान्यातल्या घड्याळाच्या पोटात. धट्ट्याकट्ट्या माणसाला कशाला हवीत जीवनसत्त्वं?"

"तरीच ते बंद पडलंय! आणि मला म्हणालात, स्प्रिंग गेली!" तिचे डोळे भरले. "रोज तोंडावर खोटं बोलत होतात?"

"तू रोज हातावर खोटं ठेवत होतीस."

"भांडण घरी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उरलेलं मूत्रपिंड वाचेल. पण पुढची गुठळी आतड्याच्या वाहिनीत गेली, तर भांडायला एकच जण उरेल. गोळी आत्तापासून सुरू, जन्मभर."

नर्सने गोळीचं पाकीट आणि पाणी आणून दिलं. घड्याळजी कण्हत उठून बसले.

"आजपासून," त्यांनी भिंतीकडे तोंड करून जाहीर केलं, "या घराण्यातल्या कोणाच्याही शब्दावर मी विश्वास ठेवणार नाही. मेलो तरी नाही."

मग पाकीट डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं.

"अगं, यावर काय लिहिलंय तेवढं वाच. चष्मा घरीच राहिलाय."