चांदरीचं मत

आमच्या धनगरवाड्यावर घरातल्या बाईचं मत विचारायची पद्धत नव्हती. म्हशीचं विचारायची होती. हे मी थट्टेनं सांगत नाही. सदतीस सालच्या चैत्रात रायबाचं घर डोंगरावरून खाली न्यायचं की नाही, हे एका म्हशीनं ठरवलं, आणि तिच्या मागं साक्षीदार म्हणून फिरलेला माणूस मी स्वतः आहे.

वाडा आमचा तोरण्याच्या कुशीत, वेल्ह्याच्या वर दीड कोसावर. सहा घरं, चाळीसेक म्हशी आणि प्रत्येक घरात एक शहाणा म्हातारा. रायबा माझा चुलतभाऊ, माझ्याच वयाचा. घरात त्याची बायको भागूबाई, दोन लहान पोरी, बाप बिरूतात्या आणि आई कोंडाकाकी. भागूवहिनीला चौथा महिना लागला होता. आदल्या वर्षी याच दिवसांत तिचं एक मूल पोटातच गेलं. घाटीच्या चढावर, डोक्यावर दोन हंडे असताना गेलं. संक्रांतीनंतर वाड्यावरचं पाणी आटलं की बायका पायथ्याच्या झऱ्यावर जात. अर्धा कोस उतार, आणि येताना तोच अर्धा कोस चढ. आम्हा पुरुषांना या गोष्टीची कधी चिंता वाटली नाही. आमच्या समजुतीप्रमाणं पाणी रांजणातच असतं.

त्या झऱ्याला लागून चिमाजी नावाच्या शेतकऱ्याचं रान होतं. शिमग्यानंतर तो वर आला आणि रायबाला म्हणाला, "माझ्या रानाच्या कडंला घर बांध. मला दुसरं कायबी नगं. तुझ्या म्हशी रानात बसू दे, शेण पडू दे, म्हंजी झालं." रायबाला ते फार आवडलं. त्याला दूध घेऊन वेल्ह्याला जाणं सोपं पडणार होतं. पण रायबा वाघाला भीत नसे, बापाला भीत असे. त्यानं तिथंच सांगून टाकलं, "तात्यास्नी इचारतो."

तात्यांना विचारायचं म्हणजे सगळ्या वाड्याला विचारायचं. उंबराखाली बैठक बसली. आधी बिरूतात्या बोलले.

"वर वाघ हाय, पर तो वळकीचा हाय. खाली मानसं हायती."

यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. शेजारच्या घरातला म्हातारा कोंडिबा म्हणाला, खालचं गवत खाल्लं की दूध पातळ होतं. त्याची एकही म्हैस उभ्या जन्मात खाली चरली नव्हती, पण अनुभवाच्या गोष्टी बोलायला अनुभव लागतोच असं नाही. पलीकडच्या घरातला गेनबा म्हातारा म्हणाला, खालच्या घरात झोप लागत नाही, गाडीवाटेवरून गाड्या जातात. दिवसाकाठी दोन गाड्या जात होत्या. मीही बोललो. खाली वारा कमी लागतो, असं काहीतरी. बैठकीत गप्प बसणाऱ्याला अक्कल नाही असं समजतात, म्हणून बोलावं लागतं.

भागूवहिनी त्या वेळी उंबराजवळूनच गेली. डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी, चेहरा लालभडक. आम्ही पाय आखडून तिला वाट करून दिली आणि पुन्हा वाऱ्याबद्दल बोलू लागलो.

चिमाजी बिचारा कंटाळला. तो नसरापूरच्या बाजारात नुकतंच ऐकून आला होता की, इंग्रजाच्या मुलखात लोकांनी पेटीत चिठ्ठ्या टाकून मतं दिली. आमचा मुलूख भोर संस्थानचा, आमच्याकडे ही भानगड आली नव्हती. तो म्हणाला, "मग तुमी बी मतं घ्या की. घरातल्या समद्यांची."

"समद्यांची?" तात्या हसले. "उद्या पोरींची बी घ्याल! मानूस लबाड. त्याचं मत फिरवता येतं. म्हशीचं येत न्हाई. आमच्या आज्यापासनं चालत आलंय, म्हस जितं आपल्या मनानं बसून रवंथ करंल, तितं घर."

चांदरी ही त्यांची सगळ्यांत थोरली म्हैस. कपाळावर पांढरा टिळा, चालणं पाटलिणीचं. ठरलं ते असं : तीन ऐतवार सकाळी चांदरीला दावं सोडून मोकळी करायची. कुणी हाकायचं नाही, हाक मारायची नाही. उन्हं कलेपर्यंत ती चिमाजीच्या रानात बसली तर एक मत खालचं, वाड्यावर बसली तर एक वरचं. तिच्या मागं चालायला तटस्थ माणूस म्हणून मी, गेणू.

बैठक उठता उठता तात्यांच्या डोक्यात एक गोष्ट आली. चैत्राचं ऊन. तहानलेली म्हैस पाण्याकडंच जाणार, म्हणजे झऱ्याकडं. "ह्यो कौल खोटा व्हईल," ते म्हणाले. "आदल्या सांजंला तिला टम्म पानी पाजायचं. सूनबाई, शनवारी सा खेपा जास्ती कर."

मला आजही त्या वाक्याची चीड येते. म्हैस खाली जाऊ नये म्हणून लागणारं पाणी खालून आणायचं, आणि ते आणायचं तिनं, जिला खाली जायचं होतं. त्या वेळी मात्र मला ते फार न्यायाचं वाटलं होतं.

पहिल्या शनिवारी भागूवहिनीनं त्या सहा जादा खेपा केल्या. सहाव्या खेपेला ती घाटीच्या वळणावर बसली आणि बराच वेळ उठली नाही. पोटावर हात ठेवून बसली होती. मी वरून पाहिलं, पण पुरुषानं हंडा उचलायचा नसतो म्हणून पाहतच राहिलो. ऐतवारी चांदरी पाण्यानं फुगलेली गोठ्यातून निघाली, दहा पावलं चालली आणि उंबराखाली बसून रवंथ करू लागली. वरचं एक मत झालं. तात्यांनी सगळ्यांना तंबाखू दिली.

दुसऱ्या शनिवारीही सहा खेपा झाल्या, चांदरी पुन्हा टम्म झाली. पण ऐतवारी सकाळी दावं सुटलं तशी ती तडक घाटीच्या वाटेला लागली. मी मागं धावतोय, ती थांबायला तयार नाही. थेट झऱ्यावर जाऊन घटाघटा पाणी प्याली आणि चिखलात अंग सोडून बसली.

त्यावर संध्याकाळी नवी पंचाईत. झरा रानाच्या बांधावर होता. म्हशीचा पुढचा भाग चिमाजीच्या रानात आणि मागचा सरकारी पडीत, असं मी खरं ते सांगितलं. दोन तास खल झाला. शेवटी गेनबा म्हाताऱ्यानं निकाल दिला, "रवंथ तोंडानं करत्यात. तोंड रानात हुतं. मत खालचं." तात्यांना ते मान्य करावं लागलं, कारण आजोबाच्या नियमात शेपटीचा उल्लेख नव्हता.

पण त्यांना संशय आला. एवढं पाणी प्यालेली म्हैस तहानली कशी? संशय बरोबर होता. भागूवहिनीनं संध्याकाळच्या आंबोणात, म्हणजे म्हशीपुढं ठेवायच्या भिजवलेल्या चुणी-पेंडीत, दोन ओंजळी मीठ घातलं होतं. हे तिनं मला पुढं सांगितलं. तेव्हा फक्त तात्यांची घोषणा ऐकू आली : "फुडच्या शनवारी आंबोण म्या सोता कालवणार. आन गेणू चाखून बगंल."

त्या आठवड्यात वहिनीचं अन्नावरचं मन उडालं. चुलीमागचं मिठाचं मडकं जागेवर नव्हतं. सासूनं ते उचलून कुठंतरी ठेवलं होतं, आणि विचारणार कोण? कोंडाकाकी अबोल बाई. तीस वर्षांत तात्यांच्या शब्दाबाहेर गेली नव्हती. ती रोज अळणी कालवण वाढी आणि सुनेकडं न बघता जेवी. वहिनीला कळून चुकलं की आपली चोरी सापडली. शनिवारी ती पाण्याला गेली तेव्हा मला वाटेत भेटली. "भावजी," ती म्हणाली, "उद्या म्हस वर बसली तर ह्ये बी पोर जातंय बगा. मला म्हाईत हाय." एवढंच बोलली आणि खाली उतरली. मी तटस्थ माणूस, तसाच वर चढलो. पण त्या दिवशी तटस्थ असण्याची मला पहिल्यांदा लाज वाटली.

संध्याकाळी तात्या बाह्या सारून गोठ्यात बसले. मोठा कारभार चालल्यासारखी तयारी होती. सूनबाईला गोठ्याबाहेर उभं केलं होतं. रायबा दावं धरून उभा होता, बापाकडं आणि बायकोकडं आळीपाळीनं बघत. कोंडाकाकीनं चुणी भिजवलेली पाटी आणून समोर ठेवली. तात्यांनी स्वतःच्या हातांनी ती कालवली, म्हणजे काकीनं कालवून आणलेलं आंबोण दोनदा ढवळलं, आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "चाख."

मी बोटभर तोंडात घातलं.

समुद्र मी पाहिलेला नाही, पण त्याची चव मला तेव्हापासून ठाऊक आहे. जिभेला झिणझिण्या आल्या, डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मान वर केली तर समोर कोंडाकाकी. ती माझ्याकडं एकटक बघत होती. डोळ्यांत भीती नव्हती, विनवणीही नव्हती. लहानपणी माझी आई गेली तेव्हा हिनंच मला जेवू घातलं होतं आणि खाल्लेल्या घासाबद्दल कधी बोलली नव्हती.

"कसं हाय?" तात्यांनी विचारलं.

"बराबर हाय, तात्या," मी म्हणालो. "अळणीच हाय."

चांदरीनं पाटी चाटूनपुसून साफ केली. मी बाहेर येऊन चूळ भरत होतो, तेव्हा काकी जवळ आली. आवाज न चढवता म्हणाली, "म्या तीस वर्सं वायलंय त्ये पानी, गेणू. माजी दोन त्या घाटीत गेली. रायबा तिसरा. कुनाला ठावं हाय?"

मला ठाऊक नव्हतं. रायबालाही नव्हतं. तात्यांना असेल, पण ते त्यांनी कधी पाण्याशी जोडलं नव्हतं. पोरं जातात, देवाची मर्जी, एवढ्यावर आमच्याकडे विषय संपतो. काकी तशीच वळून गोठ्याच्या दाराशी गेली आणि बाहेर उभ्या सुनेच्या हातात मिठाचं रिकामं मडकं दिलं. भागूवहिनीनं मडक्यात बघितलं, मग सासूकडं बघितलं, आणि पदर तोंडाला लावून रडू लागली.

"काय झालं गं?" आतून तात्या ओरडले.

"मीठ सरलंय," काकी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चांदरीचा वेग असा, की मी घाटीत दोनदा आपटलो. या खेपेला ती झऱ्यावर पाणी पिऊन पूर्ण अंगानं, शेपटीसकट, चिमाजीच्या रानात जाऊन बसली. वादाला जागाच ठेवली नाही.

वैशाखात घर खाली आलं. भाद्रपदात भागूवहिनी बाळंत झाली. तिसरी मुलगीच झाली म्हणून वाड्यावर लोकांनी हळहळ केली. पोरगी ठणठणीत होती आणि तिच्या रडण्यानं गाडीवाटेवरचे बैल बुजत, त्यामुळे हळहळ फार वेळ ऐकू आली नाही.

तात्यांना तर खालचं घर इतकं मानवलं, की येणाऱ्या-जाणाऱ्याला ओट्यावर बसवून ते चांदरीची गोष्ट सांगत. मानसाचं मत फिरवता येतं, म्हशीचं येत न्हाई, हे वाक्य त्यात दर वेळी असे. एकदा मी त्यांच्याजवळ बसलो असताना कोंडाकाकी झऱ्यावरून हंडा घेऊन येत होती. झरा घरापासून वीस पावलांवर. दहा पावलं चालून ती थांबली, एक हात कमरेवर ठेवला आणि उभी राहिली.

"का थांबलीस गं?" तात्यांनी विचारलं.

"दम खातीया."

"हितं कसला आलाय दम? इस पावलं हायती समदी."

काकीनं मागं झऱ्याकडं बघितलं, पुढं घराकडं बघितलं. "व्हय की," ती म्हणाली, "इसच हायती." आणि हंडा घेऊन आत गेली.

तात्यांनी त्या दहा पावलांच्या जागेकडं बघितलं.  मग त्यांनी तंबाखू मळायला घेतली.

"म्हशीला कळलं बग, गेणू," ते म्हणाले.

"व्हय, तात्या," मी म्हणालो. "म्हशीला कळलं."