पुंजाजीचा हरभरा आणि ‘ढेकूळ’चा दुसरा अल्बम

शेलूबाजारच्या ‘ढेकूळ’ बँडचा पहिला अल्बम भयंकर होता, आणि याबद्दल बँडमधल्या तिघांचंही एकमत होतं. ‘भडका’ नावाचा तो अल्बम त्यांनी गोपीचंदच्या वेल्डिंगच्या दुकानात रेकॉर्ड केला होता. माईक एकच, तोही वरातीच्या बँडवाल्याकडून मागून आणलेला. हरीओमच्या ड्रमपुढे आपला आवाज पोचेना म्हणून आदर्श बेंबीच्या देठापासून किंचाळला होता, आणि गोपीचंदच्या गिटारमागे कुणाच्या तरी ट्रॉलीचा पत्रा घासणारा ग्राइंडर पहिल्यापासून शेवटपर्यंत चालू होता. गिऱ्हाईक थांबायला तयार नव्हतं, त्याला कोण काय करणार.

तरी अल्बम चालला. पुण्या-मुंबईत त्याला कुत्रं विचारत नव्हतं, पण किन्हीराजापासून धनजपर्यंत तो ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये जाऊन बसला. ॲपवर बघावं तर संध्याकाळी लावलेली गाणी उजाडेपर्यंत बंदच होत नसत. वाशीम जिल्ह्यातल्या तरुणांना प्रेमभंगाने झोप येत नाही, असा निष्कर्ष आदर्शने काढला आणि तो मनोमन सुखावला.

त्याहून मोठी गोष्ट घरात घडली होती. आदर्शचे वडील पुंजाजी कौतुकाच्या बाबतीत फार हात राखून असत. मुलगा बारावी पास झाला तेव्हा ते फक्त ‘बरं’ म्हणाले होते. पण ‘भडका’ आल्यावर एकदा जेवताजेवता ते म्हणाले, “तुह्या आवाजात दम हाय बे.” आदर्श त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवला, आणि पुढे कितीतरी दिवस त्या एका वाक्यावरच जगला.

त्याच वाक्याच्या जोरावर दुसरा अल्बम झाला. नाव ‘सावकाश’. हा पुण्याच्या खऱ्या स्टुडिओत केला. तिथल्या साउंडवाल्याने आदर्शला पहिल्याच दिवशी हात जोडून सांगितलं की ओरडू नकोस, माईकला ऐकू येतं. मग आदर्श हळू गायला आणि आपल्याला गाता येतं हे त्याला आयुष्यात पहिल्यांदाच कळलं. हरीओमने ड्रमच्या काठ्या ठेवून ब्रश धरले. ग्राइंडर तर नव्हताच. त्यातलं तिसरं गाणं आदर्शला सगळ्यांत प्रिय होतं. एक बाप धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर बसून भाकर खातो आणि वावराकडे बघतो, एवढंच त्यात होतं. बाप कुणाचा हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. तो बाप हे गाणं ऐकून काय म्हणतो, याचीच त्याला धाकधूक होती.

अल्बम प्रसिद्ध करायचा कार्यक्रम गोपीचंदच्या दुकानातच दुपारी ठेवला. लांबलांबून चाहते आले. ते बघून आदर्शला भरून आलं, पण जरा चमत्कारिकही वाटलं. तरुण असा त्यांत एकही नव्हता. सगळे पन्नाशीच्या पुढचे कास्तकार, खांद्यावर दुपट्टे टाकून पत्र्याच्या सावलीत उकिडवे बसले होते. पुंजाजी मागे खुर्ची धरून होते.

‘सावकाश’ वाजायला लागला. माणसं एकमेकांकडे बघू लागली. तिसरं गाणं संपलं आणि धनजचे दौलतसिंग उभे राहिले.

“गानं बरं हाय,” ते म्हणाले, “पन यानं रोही पयतीन का?”

मग एकेकाने तोंड उघडलं आणि आदर्शला सगळा उलगडा झाला. रोही म्हणजे नीलगाय, घोड्याएवढं जनावर, कळपाने येतं आणि हरभऱ्याचं वावर बघता बघता साफ करतं. त्याला भिववायला लोक वावरात बॅटरीवरचा भोंगा लावतात. भोंग्यावर वाघाची डरकाळी लावून झाली, कुत्र्यांचं भुंकणं लावून झालं, पण रोही चार दिवसांत सरावले आणि भोंग्याच्या खांबाला अंग घासू लागले. ‘भडका’ला मात्र ते कधीच सरावले नाहीत. किन्हीराजाच्या एकाने तर चौथ्या गाण्यातल्या किंकाळीला रानडुक्करही थांबत नाही, अशी मनापासून पावती दिली. हा शोध पहिल्यांदा लावला कुणी, असं गोपीचंदने विचारलं तेव्हा सगळ्या माना मागच्या खुर्चीकडे वळल्या.

पुंजाजी वरचे पत्रे बघत होते.

“दम हाय म्हनलो होतो ना मी,” ते म्हणाले. “खोटं बोललो का?”

आदर्श घरी जाऊन आडवा झाला. चाहते गेले याचं त्याला एवढं नव्हतं. बापाने आपलं गाणं एकदाही गाणं म्हणून ऐकलं नाही, हे त्याला लागलं होतं. आई गोजराबाईने जेवायला हाक मारली, तरी तो उठला नाही. शेवटी तिनेच नवऱ्याला फैलावर घेतलं आणि नवा अल्बमही एकदा वावरात लावून बघायला लावला. पोराचं मन मोडलं तर हरभरा काय चुलीत घालायचा आहे, असं तिचं म्हणणं पडलं.

दुसऱ्या दिवशी फटफटताना आई, बाप आणि पोरगा तिघंही धुऱ्यावर बसले. ‘सावकाश’ सुरू झाला. रोही आले आणि खरोखर थांबले. कान पुढे करून थांबले. सगळ्यांत मोठा काळा नर तिसरं गाणं संपेपर्यंत हलला नाही. आदर्शच्या डोळ्यांत पाणी आलं. असे श्रोते त्याला पुण्यातही मिळाले नव्हते. मग चौथं गाणं लागलं आणि कळपाने माना खाली घालून शांतपणे हरभऱ्याचे घाटे खायला सुरुवात केली. पुंजाजी दुपट्टा फिरवत, शिव्या देत धावले. रोही चार पावलं सरकले आणि तालात चघळत राहिले.

“ऐकतेत बिचारे,” गोजराबाई म्हणाली. “पन खाता खाता ऐकतेत.”

मग तोड तिनेच काढली. नाल्याच्या पलीकडे गावाची ई-क्लासची पडीत जमीन आहे, गवताशिवाय तिथे काही नाही. नवा अल्बम तिकडच्या भोंग्यावर लावायचा आणि जुना हरभऱ्यात. एकाने हाकलायचं, दुसऱ्याने बोलवायचं. आठवडाभरात रोही नाला ओलांडून तिकडे बसू लागले. बातमी पसरली, आणि दौलतसिंगांनी फोन करून दोन्ही अल्बम मागितले. नवा जुन्याच्या तोडीचा नाही, पण जोडीला चांगला आहे, असं त्यांनी सांगितलं. हरीओमने ते बँडच्या पेजवर समीक्षा म्हणून टाकलं.

आदर्श हसला, पण त्याचं समाधान झालं नाही. पुंजाजींनी त्या अल्बमबद्दल अजून अवाक्षर काढलं नव्हतं.

एका दुपारी तो ई-क्लासवरच्या भोंग्याची बॅटरी चार्जिंगसाठी घरी घेऊन आला. दिवस कलल्यावर बॅटरी खांद्यावर टाकून नाला ओलांडला, तर झुडपाआड पुंजाजी एकटेच बसलेले. पाठ त्याच्याकडे, हात मांडीवर ठेका धरत होता, तोही चुकीचा.

“बाबा, इथं काहून बसले?”

“बॅटरी राखून राह्यलो,” पुंजाजी मागे न बघताच म्हणाले. “कोनी चोरून नेईन.”

आदर्शने खांद्यावरची बॅटरी खाली ठेवली. भोंगा मुका होता. तिसरं गाणं पुंजाजींच्या सदऱ्याच्या खिशातल्या मोबाइलवर वाजत होतं, इतकं हळू की दहा पावलांवर ऐकू जाऊ नये. गाण्यातला बाप भाकर मोडत होता. आदर्शने आजूबाजूला बघितलं. नाल्यापर्यंत एकही रोही नव्हता.

“बाबा...”

“हळू बोल,” पुंजाजी म्हणाले. “रोही ऐकून राह्यले.”