जहूरचाचाची जीभ

"थांब, पाइप लावू नकोस!" गनी टँकरमागे जाऊन म्हणाला आणि खिशातून काचेची नळी काढली.

पाच पावलांवर जहूर उभा होता. सदुसष्टच्या या रमजानाआधी हे वाक्य त्याचं असे. अबू धाबी महिन्या-महिन्याला फुगत होती. कंपनीच्या मजूर-कॅम्पाच्या वाट्याला पाण्याचे टँकर मात्र कधी दोन, कधी एक. त्यात कुठल्या विहिरीचं येईल याचा नेम नाही. गोडं निघालं तर स्वयंपाकाच्या टाकीत, मचूळ निघालं तर न्हाणीच्या. हा निवाडा चार वर्षं जहूरची जीभ करी. तरुणपणी रेल्वेत इंजिनांना पाणी भरताना ती तयार झाली होती. रमजानात तर त्याची ऐट विचारू नका! दिवसा चाखता येत नाही म्हणून टँकर सूर्य बुडून मगरिब होईपर्यंत थांबे, आणि जहूर पहिला घोट घेऊन "गोडं" म्हणेपर्यंत एकशेचाळीस माणसं खजूर चघळत त्याच्या तोंडाकडे बघत बसत.

यंदा श्रीवर्धनहून हा गनी आला. कंपनीने त्याला औषधाची बाटली दिली. नळीत पाणी घेऊन चार थेंब टाकायचे. दुधासारखा ढग उठला की पाणी खारं. रोज्याला बाध नाही, कुणाचं तोंड बघायला नको. लोक खूश. जहूरला पहाटेच्या सहरीची रोटी गोड लागेना.

गनीने टँकरचं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले. ढग उठला.

"मचूळ! न्हाणीची टाकी भरलीय. यल्ला, परत ने."

"सोच लो," ड्रायव्हर याकूब म्हणाला, "आज दूसरी गाडी नहीं."

"मग रोजा काय थुंकी गिळून सोडायचा?" खानसामा अजीज ओरडला.

जहूरने पाहिलं होतं. मघाशी गनीने नळी न्हाणीच्या नळाखाली विसळली होती, ढग उठवणारा खार तिथलाच. गनीची होऊ दे फजिती.

"अजीजभाय, बाटली खोटं नाय बोलत," गनी हसला. "जिभेचा जमाना खलास!"

जहूर पुढे झाला. 'नळी धुऊन बघ' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मग जिंकली असती बाटलीच. "चूळ भरून थुंकलं तर रोजा तुटत नाय," असं सगळ्यांना ऐकवत त्याने टँकरच्या तोटीखाली ओंजळ धरली. पाणी गोडं होतं. इतकं, की थुंकायच्या आत घशानेच ते ओढून घेतलं. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. सगळ्यांनी पाहिलं.

"गोडं आहे," तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. गनीने टँकरच्याच पाण्याने नळी धुतली, पुन्हा थेंब टाकले. पाणी नितळ राहिलं.

"चाचा बरोबर बोलले," तो मोठ्याने म्हणाला. हेच ऐकायला जहूर तीन आठवडे जळत होता. आता मात्र त्याला आपली ओली मिशी पुसायची घाई झाली.

अजान झाली, पेले एकदम उचलले गेले आणि रिकामे झाले. सोडायला रोजाच न उरलेला जहूर जग घेऊन पंगतीत वाढत होता.

"चाचा, तुम्ही बसा, मी वाढतो," गनी उठू लागला.

"बस खाली. रोजेदार हायस."

जहूरने सगळ्यांचे पेले काठोकाठ भरले. गनीचा तेवढा बोटभर कमी.